सेल्फ फिरतोय, पण गाडी सुरू होत नाही: दोष कॉइलचाच आहे का?

पेट्रोल गाडी सुरू झाली नाही की पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाच मिनिटांत तीन निदानं फुकट मिळतात: बॅटरी गेली, प्लग गेला, कॉइल (प्लगला ठिणगीसाठी मोठा झटका देणारा भाग) गेली. तिन्ही सांगणारे अगदी छातीठोक असतात. यातलं कॉइलचं निदान सगळ्यात महाग पडतं, कारण त्यावर विश्वास ठेवून माणूस थेट नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जातो आणि चार कॉइल घेऊन येतो. त्या बसवूनही गाडी तशीच गप्प राहते.

कॉइल जाते, यात वाद नाही. पण आजच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असते, आणि तीन किंवा चार कॉइल एकाच रात्री जळत नाहीत. एक गेली तर गाडी थरथरते, मिसिंग मारते, चढाला दम टाकते. पण बहुतेक वेळा सुरू होते. त्यामुळे गाडी अजिबातच पेट घेत नसेल, तर आधी कॉइलपर्यंत काय पोचतंय आणि काय पोचत नाही ते तपासायचं. जुन्या, एकाच कॉइलवर चालणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथे कॉइल हा पहिल्या संशयितांपैकीच एक असतो.

हे सगळं फक्त पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेल इंजिनात ठिणगीच लागत नाही. तिथे हीटर प्लग असतात आणि त्यांचं दुखणं निराळं. डिझेल गाडीची कॉइल बदलायला सांगणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजा आणि दुसरा मेकॅनिक शोधा.

आधी नीट ऐका

चावी फिरवल्यावर नेमकं काय होतं, यावर निम्मं निदान अवलंबून आहे.

सेल्फ फिरतच नाही, नुसतं 'टक' वाजतं किंवा तेही नाही: बॅटरी, तिची टर्मिनलं, सेल्फ मोटर किंवा त्याचा रिले. कॉइलचा इथे काही संबंध नाही.

सेल्फ फिरतो, पण रडत रडत: बॅटरी उतरली आहे किंवा अर्थिंग ढिलं आहे. मल्टिमीटर लावून बघा. गाडी रात्रभर उभी असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना आकडा १० च्या बराच खाली जात असेल तर आधी जंपर केबल लावा. कमी व्होल्टेजवर ठिणगीही अशक्त पडते, त्यामुळे अशा बॅटरीवर केलेली कॉइलची कुठलीही चाचणी विश्वासाची नाही.

सेल्फ जोमात फिरतो, पण इंजिन पकडत नाही: इथून पुढचा लेख याच तक्रारीबद्दल आहे.

आणखी एक आवाज ओळखायला शिका. सेल्फ नेहमीपेक्षा जास्तच वेगात, मोकळा, एकसुरी फिरत असेल, त्यात नेहमीचे दाबाचे ठोके नसतील, तर टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. तिथेच थांबा. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटल्यावर सेल्फ मारत राहिलं तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. तेल ओतायच्या झाकणातून कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) दिसत असेल तर झाकण काढून दुसऱ्याला क्षणभर सेल्फ मारायला सांगा आणि हात लांब ठेवून बघा. इंजिन फिरतंय आणि कॅम जागचा हलत नाही, तर गाडी टोचन करून गॅरेजला न्या.

कॉइल करते काय

बॅटरीच्या १२ व्होल्टमध्ये प्लगच्या फटीतून ठिणगी उडत नाही. कॉइलमध्ये तारेचे दोन वेढे असतात: जाड तारेचा थोड्या फेऱ्यांचा प्रायमरी, बारीक तारेचा हजारो फेऱ्यांचा सेकंडरी. प्रायमरीतून करंट सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, तो करंट अचानक तोडला की ते क्षेत्र कोसळतं आणि सेकंडरीत २० ते ४० हजार व्होल्टचा झटका तयार होतो. जुन्या कार्ब्युरेटर गाड्यांत हेच तोडण्याचं काम कॉन्टॅक्ट पॉइंट करायचे.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. कॉइलला १२ व्होल्ट मिळाले पाहिजेत, आणि तो करंट ठरल्या क्षणी कोणीतरी तोडला पाहिजे. दोन्हींपैकी एक नसेल तर कोरी करकरीत कॉइलही मुकी बसते.

गाडीत कॉइल कुठल्या पद्धतीची आहे ते बॉनेट उघडून बघा. कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० सारख्या जुन्या गाडीत एकच कॉइल, तिच्यातून जाड वायर डिस्ट्रिब्युटरला आणि तिथून प्रत्येक प्लगला. त्यानंतरच्या काळातल्या अनेक चार सिलिंडर गाड्यांत कॉइल पॅक असतो: आत दोन कॉइल, प्रत्येक कॉइल दोन प्लग सांभाळते. त्यातली एक गेली की दोन सिलिंडर एकदम बंद, आणि मग गाडी सुरू होणं खरंच मुश्किल. आताच्या गाड्यांत इंजिनावरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं की प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एकेक कॉइल बसलेली दिसते.

सामान आणि काळजी

डिजिटल मल्टिमीटर (बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत साधा चांगला मिळतो, त्याहून भारीतला घ्यायची गरज नाही), प्लगचा लांब बॉक्स पाना, ८ आणि १० नंबरचे बॉक्स पाने, स्पार्क टेस्टर, एलईडीवाला टेस्टर, दोन्हीकडे क्लिप असलेली वायर आणि कापड. पाने, स्क्रू ड्रायव्हर वगैरे बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात घेतले तरी चालतील. कॉइल मात्र तिथे घेऊ नका.

काम इंजिन थंड असताना करा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. कॉइल, प्लगची वायर किंवा प्लग सेल्फ मारताना हातात धरायचा नाही, सांडशीत धरूनही नाही. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी या कामात बॉनेटजवळ उभंच राहू नये. पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत असेल तर चाचणी बंद. सीएनजी गाडी असेल तर आधी गॅसच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि सगळं पेट्रोलवर तपासा.

सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदच मारायचा, मग अर्धा मिनिट विश्रांती. इंजिन पकडत नाही म्हणून दहा वेळा सेल्फ मारला की न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. नंतर इंजिन अचानक पेटलं तर तो कन्व्हर्टर तापून खराब होतो, आणि त्याची किंमत कॉइलच्या कितीतरी पट असते. धक्का मारून सुरू करायच्या हट्टातही तेच होतं. बॅटरी उतरली असेल तर धक्क्याचा उपयोग होतो. ठिणगीच नसेल तर गाडी कर्वे रोडपासून स्वारगेटपर्यंत ढकलली तरी पेटणार नाही.

बॉनेट उघडण्याआधी

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मीटरवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे. लागतच नसेल तर ईसीयूला वीजच मिळत नाही असं समजा; मेन रिले आणि फ्यूज तपासा, कॉइलला हातही लावू नका.

मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू आली पाहिजे. तो फ्युएल पंप. पार्किंगमध्ये आवाज असेल तर मागे कोणालातरी बसवा आणि कान लावायला सांगा.

चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह सतत लुकलुकत असेल तर इमोबिलायझर चावी ओळखत नाही. दुसरी चावी लावून बघा. अनेक गाड्यांत अशा वेळी सेल्फ व्यवस्थित फिरतो, पण पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद ठेवलेली असतात. नवशिका माणूस इथे हमखास फसतो.

मग सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. बऱ्याच गाड्यांत तो थोडासा उचलतो. काटा शून्यावर चिकटून बसला तर क्रँक सेन्सरवर (इंजिनाची स्थिती ईसीयूला सांगणारा सेन्सर) संशय घ्या. सगळ्या गाड्यांचा काटा असा वागत नाही, त्यामुळे हा पुरावा मानू नका, इशारा माना.

करंट येतोय का

गॅरेजमध्ये ठिणगीला 'करंट' म्हणतात, आणि 'करंट बघितला का?' हा तिथला पहिला प्रश्न असतो. बघण्याची रीत मात्र अनेकदा चुकीची असते. वायर काढून इंजिनाजवळ हवेत धरायची आणि ठिणगी केवढी उडी मारते ते बघायचं, हे जुन्या गाड्यांच्या काळातलं. आजच्या कॉइलला ठिणगी सोडायला जागा मिळाली नाही की तो झटका आतलं इन्सुलेशन फोडून बाहेर पडतो, किंवा ईसीयूच्या आतल्या ड्रायव्हरला मारतो.

आधी पेट्रोल बंद करा: फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून ठेवा. काढल्यावर चावी ऑन करून चेक इंजिनचा दिवा लागतो ना ते बघा. काही गाड्यांत तोच फ्यूज ईसीयूलाही वीज देतो. तसं असेल तर तो परत लावा आणि त्याऐवजी इंजेक्टरचे कनेक्टर काढा. हे विसरलं तर ठिणगी तुम्हीच बंद कराल आणि दोष कॉइलला द्याल.

आता एक कॉइल काढा. कनेक्टरची बारीक खिट्टी दाबून तो सोडवायचा. वायरी ओढायच्या नाहीत. दहा-बारा वर्षांच्या गाडीत ते प्लॅस्टिक बिस्किटासारखं तुटतं. बोल्ट काढा, कॉइल हलकेच डावी-उजवीकडे फिरवा आणि सरळ वर ओढा. कनेक्टर परत लावा, कॉइलच्या खालच्या टोकाला स्पार्क टेस्टर जोडा आणि टेस्टरची क्लिप इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला घट्ट लावा. क्लिप ढिली राहिली तर चाचणी वाया, वर कॉइलला धोका. टेस्टर प्लगच्या भोकापासून लांब ठेवायचा. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा.

चांगली ठिणगी निळसर पांढरी, टणक, एका लयीत पडणारी असते आणि तिचा आवाज येतो. पिवळट नारिंगी, केसाएवढी, मधेच गायब होणारी ठिणगी म्हणजे कॉइल किंवा तिला मिळणारी वीज कमजोर. उन्हात हा फरक दिसत नाही. बॉनेटवर चादर टाका किंवा बेसमेंट पार्किंगमध्येच काम करा.

टेस्टर नसेल तर चांगला जुना प्लग कॉइलच्या टोकात बसवून, त्याच्या धातूच्या अंगाला क्लिपवाल्या वायरने अर्थ देऊन काम भागतं. पण या चाचणीत एक खोट आहे. इंजिनाच्या आत हवा दाबलेली असते आणि तिथे ठिणगी पाडायला बरंच जास्त व्होल्टेज लागतं. बाहेर उघड्या हवेत छान ठिणगी देणारी अर्धमेली कॉइल आत मान टाकते. टेस्टरची फट जास्त ठेवता येते, म्हणून त्याचा निकाल जास्त खरा.

हीच चाचणी निदान दोन कॉइलवर करा. निकाल असा वाचायचा: एकावर ठिणगी आहे आणि एकावर नाही, तर जिच्यावर नाही ती कॉइल किंवा तिची वायर बघा. कुठेच नाही, तर कॉइल बाजूला ठेवा आणि पुढे 'सगळ्याच गप्प असतील तर' वाचा. सगळ्यांवर दणदणीत ठिणगी आहे, तर कॉइल निर्दोष. आता पेट्रोल, टायमिंग, कॉम्प्रेशन.

प्लगही काढून बघाच. पेट्रोलने ओला आणि वास येणारा प्लग सांगतो की पेट्रोल येतंय पण पेटत नाही. अगदी कोरडा प्लग म्हणजे पेट्रोलच पोचत नाही. सगळे प्लग ओले असतील तर पुसून कोरडे करा, बसवा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. अनेक गाड्यांत त्या वेळी ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो आणि साचलेलं पेट्रोल बाहेर निघतं.

कॉइल हातात घेऊन

खालचा रबरी बूट उजेडात धरा आणि सावकाश फिरवा. रबरावर वरून खाली उतरणारी, पेन्सिलीने ओढल्यासारखी एखादी बारीक काळी किंवा करडी रेघ दिसते का? तीच खूण प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरही सापडते, बरोबर समोरासमोर. ठिणगी प्लगच्या टोकापर्यंत न जाता बाहेरूनच इंजिनाकडे पळते, तिची ही वाट. एकदा कार्बनची वाट पडली की ती पुसून जात नाही. बूट आणि प्लग दोन्ही बदलावे लागतात. नुसता प्लग बदलला तर जुना बूट काही दिवसांत नव्या प्लगवरही रेघ ओढतो. अनेक गाड्यांचा बूट आतल्या स्प्रिंगसकट सुटा मिळतो, पूर्ण कॉइल घ्यायची गरज नसते. हे दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही, विचारा.

बुटातली स्प्रिंग गंजलेली आहे का, कॉइलच्या प्लॅस्टिकला तडा गेलाय का, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्यात का, तेही बघा. प्लगच्या विहिरीत टॉर्च मारा. तेल साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा प्लग ट्यूबचं सील गळतंय. ते तेल रबर फुगवतं आणि कॉइल खातं. सील न बदलता नवी कॉइल बसवणं म्हणजे सहा-आठ महिन्यांनी परत हेच काम.

पाणी असेल तर ते बहुतेक वेळा सर्व्हिस स्टेशनच्या प्रेशर वॉशरचं असतं. 'काल धुऊन आणली, आज सुरू होत नाही' ही तक्रार आली की कॉइलचं बिल फाडण्याआधी विहिरी कापडाने आणि हवेने कोरड्या करायच्या. प्लग काढण्याआधी कोरड्या करायच्या, नाहीतर पाणी आणि कचरा सिलिंडरमध्ये पडतो.

मल्टिमीटर

आधी कनेक्टर, मग कॉइल. कनेक्टर काढून, चावी ऑन ठेवून, एका पिनवर बॅटरीएवढे व्होल्ट मिळतात का बघा. काही गाड्यांत ही वीज चावी ऑन केल्यावर दोनच सेकंद किंवा सेल्फ मारतानाच येते, म्हणून सेल्फ मारूनही बघा. मीटरची जाड सुई कनेक्टरच्या बारीक पिनेत घुसवू नका; पिन फाकते आणि नवीनच दोष तयार होतो. टाचणी मागच्या बाजूने, वायरीलगत सरकवून माप घ्या.

दोन पिनांची कॉइल असेल तर एक पिन १२ व्होल्टची आणि दुसरी ईसीयूकडे जाते. एलईडी टेस्टरची क्लिप बॅटरीच्या प्लसला आणि टोक त्या दुसऱ्या पिनेला लावून सेल्फ मारला की दिवा लुकलुकला पाहिजे. तीन पिनांच्या कॉइलमध्ये इग्नायटर (करंट तोडणारा स्विच) आतच असतो: वीज, अर्थ आणि ५ व्होल्टपर्यंतचा बारीक सिग्नल. तिथे टेस्टरची क्लिप मायनसला लावायची. बल्बवाला टेस्टर या सिग्नलच्या तारेला लावू नका, तो जास्त करंट ओढतो. वीज आहे, अर्थ आहे, सिग्नल आहे आणि तरी ठिणगी नाही, तर कॉइल गेली. एवढं स्पष्ट उत्तर दुसऱ्या कुठल्याही मापातून मिळत नाही.

रेझिस्टन्सवर लोकांचा भलताच भरवसा असतो. दोन पिनांच्या कॉइलची प्रायमरी साधारण ०.४ ते २ ओहम येते; जुन्या डब्यासारख्या कॉइलची ३ ओहमच्या आसपास. मीटरच्या दोन सुया एकमेकींना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करायला विसरू नका, कारण एक ओहमच्या मापात तो मोठा असतो. सेकंडरी साधारण ५ ते १५ हजार ओहम. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. तो नसेल तर सगळ्या कॉइलची मापं घेऊन एकमेकींशी ताडून बघा. चारपैकी एकच वेगळी आली तर ती संशयित.

पण तीन पिनांच्या कॉइलचं प्रायमरी माप असं घेता येत नाही, आणि कित्येक कॉइलच्या सेकंडरीत डायोड असतो, त्यामुळे चांगली कॉइलही मीटरवर तुटलेली दिसते. उलट मापात चोख असलेली कॉइल इंजिन तापल्यावर दगा देते: सकाळी गाडी मस्त, खंबाटकीचा चढ चढून चहाला थांबलात की सुरू होत नाही, तासाभराने परत चालू. थंड कॉइलला मीटर लावून हा दोष सापडत नाही. गाडी बंद पडलेली असताना, गरम असतानाच ठिणगी बघावी लागते. क्रँक सेन्सरही हुबेहूब असाच वागतो, हेही लक्षात असू द्या. जुन्या कार्ब्युरेटर गाडीत असं झालं तर कॉइलबरोबर कंडेन्सरही तपासा, आणि पॉइंट काळे पडले असतील तर आधी ते साफ करा.

सगळ्याच गप्प असतील तर

कुठल्याच कॉइलवर ठिणगी नाही. आता सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टी बघायच्या.

कनेक्टरवर वीजच नाही: इग्निशनचा फ्यूज, मेन रिले, चावीचं स्विच. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका, मीटरने दोन्ही बाजूंना तपासा. रिलेवर संशय असेल तर फ्यूज बॉक्समधला त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुतेक वेळा भोंग्याचा, त्याच्या जागी लावून बघा. फुकटातली उत्तम चाचणी.

वीज आहे पण सिग्नल नाही: क्रँक सेन्सर, इमोबिलायझर, ईसीयू, किंवा यांच्यामधली वायर. इंजिन कुठल्या स्थितीत आहे हे क्रँक सेन्सर सांगतो. तोच गप्प बसला तर ईसीयू ठिणगी कधी पाडायची हे ठरवूच शकत नाही. त्याच्या कनेक्टरवर तेल-चिखल बसतो, वायर बेल्टला घासते. दोष खुद्द ईसीयूत क्वचितच असतो, आणि ईसीयू बदलायला सांगणाऱ्याला आधी 'बाकी काय काय तपासलं?' एवढं जरूर विचारा.

आणि उंदीर, घुशी. पुण्यात हा विनोदाचा विषय नाही. कोथरूडला आमच्या शेजारच्या काकूंची गाडी अशीच बंद पडली. घरी आलेल्या मेकॅनिकने 'मॅडम, कॉइल सेट टाकावा लागेल' असं सांगून अंदाजपत्रकही दिलं. काकू म्हणाल्या, "अरे, परवापर्यंत चालत होती, तिन्ही एकदम कशा गेल्या?" प्रश्न बिनतोड होता. एअर फिल्टरचा डबा बाजूला केला तर खाली अर्धवट खाल्लेली पोळी, भुईमुगाची टरफलं आणि कुरतडलेली वायर. क्रँक सेन्सरचीच. वायर जोडून, सोल्डर मारून, वर स्लीव्ह चढवल्यावर गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. वायरिंगवर टॉर्च फिरवायला पाच मिनिटं लागतात. विशेषतः गाडी आठवडाभर उभी असेल तर हे आधी करा.

इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची जाड पट्टीही हलवून बघा. गंजलेली असेल तर काढून, घासून, परत आवळा.

स्कॅनर असेल तर

स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये स्वस्त ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर लावून मोबाइलवर ईसीयूने नोंदवलेले दोषांचे कोड वाचता येतात. पी०३५१ ते पी०३५४ हे पहिल्या ते चौथ्या कॉइलच्या सर्किटचे कोड. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या सिलिंडरचं मिसिंग. पी०३३५ क्रँक सेन्सर, पी०३४० कॅम सेन्सर. 'सर्किट' या शब्दात वायर, कनेक्टर, कॉइल आणि ईसीयू सगळं येतं. पी०३५२ आला म्हणून दुसरी कॉइल लगेच कचऱ्यात टाकू नका. गाडी कशीबशी सुरू होत असेल तर पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा, कोड पुसा आणि थोडं चालवा. दोष कॉइलबरोबर पहिल्या सिलिंडरला गेला तर कॉइलच वाईट. जागच्या जागी राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा वायर. ही अदलाबदल मल्टिमीटरपेक्षा जास्त खात्रीची आहे.

स्कॅनरवर सेल्फ मारताना आरपीएम शून्यच दिसत असेल तर क्रँक सेन्सरकडे वळा.

पावसाळा आणि सीएनजी

खडकवासल्यातून विसर्ग वाढला, भिडे पूल पाण्याखाली गेला की त्या आठवड्यात बंद पडलेल्या गाड्यांची रांग लागते. नुसत्या दमटपणाने जुन्या, वायरीवाल्या गाड्या हट्ट करतात. प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरचं झाकण पुसून, पाणी घालवणारा स्प्रे मारला की बहुतेक वेळा सुटतात. पण गाडी पाण्यातून जाताना बंद पडली असेल तर सेल्फ अजिबात मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एअर फिल्टर ओला आहे का बघा. ओला असेल तर प्लग काढून पाणी बाहेर काढण्याचं काम गॅरेजचं.

सीएनजीवर ठिणगीला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. प्लग झिजून फट वाढली की ते आणखी वाढतं आणि सगळा ताण कॉइलवर येतो. म्हणून सीएनजीवाल्यांनी प्लग बदलणं आणि त्यांची फट तपासणं कंपनीने सांगितल्यापेक्षा पुढे ढकलू नये. दुसरी सवय: टाकीत पेट्रोल नावापुरतं ठेवणं. बऱ्याच सीएनजी गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात. टाकीत चार महिन्यांचं शिळं पेट्रोल असेल किंवा कोरड्या टाकीने पंप जळाला असेल, तर ठिणगी कितीही चांगली असली तरी गाडी सुरू होणार नाही.

नवी कॉइल

नाना पेठेत जाताना जुनी कॉइल आणि आरसीवरची माहिती बरोबर न्या. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन कॉइल आतून वेगळ्या असू शकतात, म्हणून पार्ट नंबर जुळवा. 'ओरिजिनलच आहे साहेब, फक्त बॉक्स नाही' हे ऐकलं की पुढच्या दुकानात चला. गेली असेल तेवढीच बदला. गाडी खूप चाललेली असेल आणि दुसरीवरही रेघा दिसत असतील तर तेव्हाच पूर्ण सेटचा विचार करा. प्लग मात्र जुने असतील तर बरोबरच सगळे बदला, कारण फट वाढलेला प्लग नवी कॉइलही मारतो.

प्लग बसवताना पहिले आटे हाताने. पाना लागण्याआधी तो सहज आत गेला पाहिजे. अडला तर उलटा फिरवून परत सुरुवात करा, ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले तर खर्च हजारांत जातो. बुटाच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीस अगदी थोडं लावा. कॉइल खाली दाबताना प्लगवर 'टुक' बसल्याचं जाणवतं. बोल्ट बेताने आवळा, कनेक्टरची खिट्टी वाजेपर्यंत दाबा आणि काढलेला पंपाचा फ्यूज परत लावा. गडबडीत तो डॅशबोर्डवरच राहतो.

चावी ऑन करून पंपाला दोन-तीनदा दाब भरू द्या, मग सेल्फ मारा. सुरू झाली की पाच मिनिटं आयडलवर ऐका, जुने कोड पुसा आणि जवळपासच एक फेरी मारा. चेक इंजिनचा दिवा परत लुकलुकायला लागला तर त्याच स्थितीत हायवेवर जाऊ नका; मिसिंग चालू आहे, आणि तुम्ही अदलाबदल केलेली कॉइल कुठल्या सिलिंडरवर आहे ते मेकॅनिकला सांगा, म्हणजे त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.